माइलेच्या माळेची गाठ

या, सरका जवळ. यमे, माझा पदर किती घट्ट धरशील? बरं, धर. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही.

एक होतं बेट. चहूकडे समुद्र आणि मधोमध हिरवागार डोंगर. हवाई म्हणतात त्या मुलखाला, फार लांब, बरं का. तिथे नोहेया नावाची मुलगी राहायची. तिला होती फक्त आजी. तिकडे आजीला तूतू म्हणतात. हसू नका, तुम्ही माझ्या पाठीमागे मला काय काय म्हणता ते ठाऊक आहे मला.

नोहेयाचा बाप होडी घेऊन मासे धरायला गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून होडी दिसली की पोर घरात पळायची. आणि तिचं लग्न ठरलं कुणाशी? काइमीशी. तो कोण? कोळीच! आता काय करायचं, जीव जडला होता.

तिकडे नवऱ्याच्या गळ्यात माइले नावाच्या रानवेलीची माळ घालतात. पानांना गोड वास येतो. पण ती आपल्या हारासारखी गोल नसते, बरं का. तिची दोन्ही टोकं छातीवर मोकळी सोडतात. लग्नाच्या दिवशी तूतू सकाळीच रानात गेली. आधी रानाची परवानगी मागितली, मग लागेल तेवढीच वेल आणून माळ केली.

"पोरी, टोकं मोकळीच राहू देत हो," ती नोहेयाला म्हणाली. "वारा आत-बाहेर करायला हवा."

"हो तूतू," नोहेया म्हणाली. पण तूतूची पाठ वळली आणि तिच्या मनात आलं, माळ निसटली तर? काइमीही गेला तर, बाबांसारखा? मग तिनं आपला एक लांब केस तोडला आणि दोन्ही टोकं बांधून टाकली. एवढीशी गाठ, कुणाला दिसतेय!

मग समुद्राच्या काठी सगळे जमले. नोहेयाच्या डोक्यावर फुलांची चुंबळ, काइमीच्या गळ्यात माळ. माळ पडली मात्र, वारा पडला. नारळाची एक झावळी हलेना. माणसं कपाळं पुसायला लागली.

मग शंख फुंकायची वेळ झाली. आपल्याकडे सनई वाजते ना, तसा तिकडे शंख. काइमीच्या काकांनी गाल फुगवून फुंकला. फुस्स! पुन्हा फुंकला. काका लालबुंद झाले, पण शंख काही वाजेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. नोहेयाला आपली गाठ आठवली. तरी बोलली का? नाही. तुम्ही तरी कुठे बोलता, लोणच्याची बरणी फुटली की?

मग तिकडचे भटजी म्हणाले, "या पुढं, श्वास घ्या एकमेकांचा." तिथे नवरानवरी कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावतात आणि एक श्वास दोघांत घेतात. नोहेयानं नाक टेकवलं. आणि काय सांगू, काइमीचा श्वासच येईना! तो गुडघ्यावर बसला. ओठ निळे पडले. माळेची पानं सुकत चालली आणि माळ त्याच्या गळ्याभोवती आवळत चालली.

"तूतू!" नोहेया किंचाळली. "मी गाठ मारली गं! हा जाऊ नये म्हणून मारली!"

तूतू धावत आली, पण तिनं गाठीला हात लावला नाही. "केस तुझा, भीती तुझी. तुलाच सोडवायला हवी, बाळ."

नोहेया गाठ ओढायला लागली. केस बोटात रुतायचा, पण तुटायचा नाही. मग ती रडत रडत काइमीच्या कानाशी वाकली. "तू समुद्रावर जा. मी नाही अडवणार. मला भीती वाटेल, रोज वाटेल. तरी जा."

तशी गाठ आपोआप उलगडली. काइमीनं असा मोठ्ठा श्वास घेतला! त्यासरशी वारा सुटला, झावळ्या सळसळल्या, आणि काकांच्या हातातला शंख कुणी न फुंकताच वाजला. काका दचकून वाळूतच बसले. पावसाचे चार थेंब पडले. लग्नात पाऊस आला तर तिकडे चांगलं मानतात. मग भटजींनी तीच माळ दोघांच्या हातांवर गुंडाळली. नुसती गुंडाळली हं, बांधली नाही.

दुसऱ्या दिवशी काइमी होडी घेऊन गेला. नोहेया काठावर उभी. भीती वाटलीच, कशी नाही वाटणार? संध्याकाळी होडी परत आली. मग होडी रोज जायची, रोज यायची. दोघं सुखात राहिली, म्हातारी झाली, दात पडून बोळकी झाली.

संपली गोष्ट. मिटा डोळे. यमे, हे काय गं? माझ्या पदराला तुझ्या फ्रॉकची गाठ? उद्या मी गावी जाणार म्हणून ना? अगं, मला तरी कुठे करमणार आहे तुझ्यावाचून? पण जाईन, आणि आंबे पिकले की येईन. सोड बघू. नाही, मी नाही सोडणार, तूच सोड. अस्सं. झोप आता.