तात्यांनी घातलेले वाटे

तळ्यातली मासळी काढली की गावात घरटी सारखे वाटे घालायची रीत. यंदा सरपंच तात्या स्वतः वाटायला बसले. मोठ्या मरळी सगळ्या आपल्या ढिगात, अन् विधवा अंजिराच्या ढिगात नुसत्या बोटभर मासोळ्या. तिच्या घरात आठवडाभर कालवण नव्हतं, पण बोलायची छाती होईना.

"झालं वाटून!" तात्या म्हणाले.

सरजाआजी खुदकन हसली. "याला वाटणं म्हणत्यात व्हय तात्या? कुठला ढीग आपला, हे वाटणाऱ्यालाबी ठावं नसतं, तवा ते वाटणं." अन् ती ढिगांकडं पाठ करून बसली. "ढिगावर बोट ठेवून 'हा कुणाचा?' इचारा. मी न बघता घराघराची नावं घेते. ज्याचं नाव, त्याचा ढीग."

"थांब म्हातारे!" तात्या घाईनं आपल्या मरळी उचलून सगळ्या ढिगांत टाकू लागले.

अंजिराच्या ढिगात धप्पकन आवाज झाला, तशी पाठमोरी आजी म्हणाली, "हां, आता वाटताय!"