रांजणखिंडीचे पाणी

हिवरवाडीच्या उत्तरेला डोंगर आहे, डोंगरात खिंड आहे आणि खिंडीत, घळीच्या तोंडाशी, एक रांजण पुरलेला आहे. भर वैशाखातही तो काठोकाठ असतो. तुमच्यासारखे पाहुणे दुर्बिणी घेऊन तारे बघायला येतात, धापा टाकत खिंडीत पोचतात आणि पहिले काम काय करतात, तर रांजणात बाटल्या बुडवतात. बुडवा, बापहो. पाणी काही संपत नाही. पण ते कुणासाठी भरलेले आहे एवढे ऐकून घ्या, मग घशाखाली उतरते का बघा.

फार मागची गोष्ट. हिवरवाडीत धुरपा नावाची बाई होती असे सांगतात. पाठोपाठची लेकरे गेली, एकच पोर जगली. तिला काळाची नजर लागू नये म्हणून नाव ठेवले चिंधी. चिंधी दिली डोंगरापल्याड, करंजखोपला. आता जुना रिवाज तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर आजीला विचारा: लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही. रिवाज देवाने केला नसावा. देवाला कुठे तहान लागते? धुरपा मात्र रिवाजाला अशी चिकटलेली, की गोचिडीने तिच्याकडे शिकायला यावे. एकदा ऐन उन्हात ती खिंड ओलांडून लेकीच्या दारात पोचली. जीभ टाळ्याला लागलेली. चिंधीने तांब्या पुढे केला. धुरपाने तोंड फिरवले.

"माझ्या घरचं पाणी एवढं कडू असंल, तर येत जाऊ नको, आये," चिंधी म्हणाली.

धुरपा खरेच गेली नाही. लेकही आली नाही. दोघी एकाच मातीच्या.

मग माघातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात ती संध्याकाळ आली. दिवेलागण होऊन गेली आणि डोंगरामागचे आभाळ लाल होऊ लागले. आधी कडेला, मग वर वर, मध्येच फिकट पट्टे उभे राहिलेले. गावाने एकच अर्थ लावला, करंजखोप पेटले. पाटील नीट दिसावे म्हणून छपरावर चढले आणि भीतीने उतरायचे विसरले. देव कोपला म्हणत गुरवाने दार लावून घेतले. देवळाचे नव्हे, स्वतःचे. धुरपाने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि खिंडीची वाट धरली. गावची आग एका घागरीने विझत नाही, हे तिला कळत होते. पण एक घर तरी विझेल.

चढताना तिला दोन गोष्टी खटकल्या म्हणे. एवढी आग, पण धुराचा वास नाही. आणि त्या लालीतून पलीकडचे तारे दिसत होते. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला यावरून कळायला हवे होते. पण लेक जळते आहे असे वाटल्यावर वास कोण घेत बसतो?

खिंडीत पोचून पाहते तर करंजखोप खाली जागच्या जागी. कुत्री भुंकत होती. लाली त्याच्याही पल्याड, कुठल्या कुठे. धुरपा एकटीच हसत सुटली. मग उगाच ओझे कशाला, म्हणून तिने घागर तिथेच, घळीच्या तोंडाशी, पालथी केली. आलोच आहोत तर पोरीचे तोंड बघून जाऊ, असे म्हणून मळलेल्या वाटेने ती उतरली.

दारात विहीण बसली होती, भिवराबाई.

"चिंधी तुमच्याकडंच निघाली की. जग बुडतंय म्हणाली, मरायचं तर आयेपाशी. जवळचं म्हणून घळीनं गेली."

भिवराबाई म्हणाल्या, दोन घोट घ्या, ती घागरही भरून न्या, घळीत चढ आहे.

"लेकीच्या घरचं मला चालत नाही, विहीणबाई," धुरपा म्हणाली आणि रिकामी घागर काखेला मारून घळीकडे वळली.

चिंधी घळीत पडली होती. वरच्या कड्यावरून पाय सटकला असावा. आभाळ अजून लालच होते, त्यात लेकीचा चेहरा दिसला. जीव होता.

"आये, पाणी," ती म्हणाली.

धुरपाने घागर तिच्या ओठांवर उपडी केली, म्हणे. हलवली. थापटली. मग तशीच खाली पळाली. भिवराबाईंनी घागर भरून दिली. ती घेऊन धुरपा परत चढली, तोवर आभाळ विझले होते आणि चिंधीही.

आता तुमच्यासारखाच एक चष्मेवाला सांगून गेला, की ती आग नव्हतीच. सूर्याला कधी जबर शिंक येते, तिचे कण पृथ्वीपर्यंत उडतात, पृथ्वी पडली लोहचुंबक, ती त्यांना ध्रुवाकडे वळवते, आणि तिथली उंचावरची विरळ हवा त्यांच्या माऱ्याने उजळते. उत्तरेकडच्या लोकांना हिरवे पडदे दिसतात. शिंक फारच मोठी असेल तर इतक्या लांबून आपल्याला नुसता वरचा लाल काठ. ध्रुवीय प्रकाश म्हणतात त्याला. चौथी नापासालाही पटेल असे बेट्याने समजावले. पण धुरपाला हे कुणी सांगितले असते तर काय उजेड पडला असता? चिंधी आगीने मेलीच नव्हती.

धुरपाने घागर ओतली त्या जागी रांजण पुरला आणि अंगात बळ होते तोवर रोज भरला. रोज एक घागर घळीत नेऊन ओतायची. घळीतली माती ते पाणी पिऊन टाकायची, बस्स. तसे आभाळ पुन्हा कधी झाले नाही. झाले असते तरी तिने मान वर केली नसती.

घळीने आता कुणी जात नाही. डोंगराला वळसा घालून डांबरी सडक झाली. तरी रांजण भरला जातो. आणि आजही हिवरवाडीची बाई लेकीच्या दारात पोचली, की चपला काढायच्या आधी पाणी मागते. तहान असो नसो. लेक रुसलेली असली तर मुद्दाम उशीर लावते, आई उंबऱ्याबाहेर उभी राहते. मग तांब्या येतो आणि आई तो तळापर्यंत पिते.