गजराचा चुडा आणि तीन काका

कांडेगावात म्हाळू नावाचा एक भोळा माणूस होता. गावात शहाणे पुष्कळ होते, त्यामुळे कामं सगळी म्हाळूलाच करावी लागत.

म्हाळूची धाकटी बहीण गजरा. तिनं कुंडलिकला स्वतः पसंत केलं होतं, आणि तिच्या तीन काकांना तेवढंच खुपत होतं. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा थोरल्या काकांना एकदम रीत आठवली.

"आपल्या घराण्यात नवरीला काचखोऱ्यातलाच चुडा लागतो. एकवीस हिरव्या बांगड्या. त्यात काही कमीजास्त झालं, तर लग्न नाही."

"नाही," मधले काका म्हणाले.

"नाहीच," धाकटे काका म्हणाले. त्यांना आदल्या काकांपेक्षा एक अक्षर जास्त बोलायची सवय होती.

काचखोरं एका दिवसाच्या वाटेवर. तिथं गावोगाव काचेच्या भट्ट्या. पणजोबानं पेटवलेल्या भट्टीवर पणतू काम करायचा.

"दादा, चुडा घे आणि सरळ घरी ये," गजरा म्हणाली. "वाटेत कुणाचं काही ऐकू नकोस."

"वाटेत जाणतं माणूस भेटेल, ते सांगेल तसं कर," थोरले काका म्हणाले.

गजरा वयानं लहान. म्हाळूनं काकांचं ऐकलं.

खोऱ्याच्या टोकाला नथूबाबा कचाऱ्याची बांगड्यांची भट्टी होती. नथूबाबांनी सळईवरून लालभडक बांगडी खाली उतरवली. म्हाळूनं ती उचलली. मग ती टाकून म्हाळू भट्टीभोवती तीन वेळा नाचला.

"अरे खुळ्या!" नथूबाबा ओरडले. "गरम जिन्नस उघड्यावर राहिला की तडकतो. तो राखेत पुरायचा. सावकाश निवू द्यायचा. घाई करायची नाही."

"बरं," म्हाळू म्हणाला. "आता कळलं."

नथूबाबांनी निवलेल्या एकवीस बांगड्या कापडात बांधून दिल्या. म्हाळू परतीला लागला.

वाटेत काचेच्या बाटल्या फुंकणाऱ्यांचं गाव लागलं. एका दारात म्हाळू पाणी प्यायला थांबला. ओट्यावर सोनबा आजोबा तापानं फणफणले होते.

"हात लावून बघा भाऊ," त्यांची सून म्हणाली. "अंग आहे की विस्तव!" आणि ती काढा आणायला आत गेली.

काढा घेऊन बाहेर येते तर सासरे राखेच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलेले.

"अहो, हे काय केलंत?"

"गरम होते. उघड्यावर तडकले असते."

"मला बाहेर काढा रे!" आजोबा ओरडले.

"घाई करायची नाही, आजोबा."

आजोबांचा ताप भीतीनंच उतरला. सुनेनं त्यांना उपसून काढलं, झटकलं आणि म्हाळूवर कडाडली, "माणूस नाजूक असतो हो! नाजूक जिन्नस कसा जपायचा, ते शिका आमच्या बाटल्यांकडे बघून. खाली पेंढा, वर पेंढा, चारी बाजूंनी ठासून. जागचा हलता कामा नये."

"बरं," म्हाळू म्हणाला. "आता कळलं."

पुढं ओढा लागला. काठावर अनंतभटजी उभे होते. गजराचं लग्न तेच लावणार होते.

"म्हाळू, बरा भेटलास! मी नाजूक प्रकृतीचा माणूस. जपून पलीकडे ने रे बाबा."

शेजारीच पेंढ्याची गंजी होती. म्हाळूनं भटजींच्या खाली पेंढा घातला, वर पेंढा घातला, चारी बाजूंनी ठासला. बांगड्याही नाजूकच, म्हणून त्याही आत घातल्या. मग दोरीनं आवळून भारा डोक्यावर घेतला. ओढा झाला तरी भारा उतरवायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. थेट बांगड्यांच्या बाजारात आला, तेव्हा भारा शिंकायला लागला.

सरू कासारणीनं दोरी कापली. भटजींनी आणखी सहा शिंका दिल्या. सहाव्या शिंकेला त्यांचा गुडघा बसला बांगड्यांवर. कट्!

म्हाळू भोकाड पसरून रडायला लागला. "आता गजरीचं लग्न मोडलं!"

"गप. एकीसाठी काय रडतोस?" सरू म्हणाली. "बाकीच्यांना टिचकी मारून बघ. खण्ण वाजली की साबूत. थप्प वाजली की तडकलेली."

वीसही खण्ण वाजल्या. सरूनं आपल्याजवळची एक घालून एकवीस केल्या.

"आणि तडकलेली टाकायची नाही बरं का. भट्टीवर द्यायची. वितळली की नवी होते. घरात जुनं काय असेल, तेही वाजवून बघ."

"बरं," म्हाळू म्हणाला. "आता कळलं."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी म्हाळू घरी पोचला. भटजी मागून अंग खाजवत आले. तिन्ही काकांनी एकेक बांगडी उजेडात धरली. दोन तास धरली.

"वीस हिरव्या, एक पोपटी," थोरले काका म्हणाले. "लग्न नाही."

"नाही."

"नाहीच."

एवढा निकाल देऊन तिघं भरपेट जेवले आणि पडवीत घोरायला लागले.

गजरानं रागारागानं एकवीसही बांगड्या हातात चढवल्या. "पोपटी म्हणे! दादा, काही तरी कर रे! या घरात सगळं जुनं होऊन बसलंय!"

जुनं म्हटल्यावर म्हाळूला सरू आठवली. तो पडवीत गेला. थोरल्या काकांच्या टकलावर त्यानं टिचकी मारली. थप्प. मधल्यांच्या मारली. थप्प. धाकट्यांच्या मारली. तिथंही थप्प, पण जरा पोकळ.

म्हाळूनं बैलगाडी जुंपली.

खाली पेंढा, वर पेंढा, चारी बाजूंनी ठासून. धाकट्या काकांनी "नाहीच" म्हणायला तोंड उघडलं, तर तिथंही पेंढा बसला. गजरा धावत बाहेर आली.

"दादा, कुठं निघालास?"

"नथूबाबांकडं. तिन्ही काका तडकलेत. नवे करून आणतो."

गजरानं गाडीकडं पाहिलं. गाडी "ऊं ऊं" करत होती. मग तिनं हातातल्या चुड्याकडं पाहिलं.

"पण दादा, तू लग्नाला नसशील."

"काका नवे झाले की सगळे मिळून येतो."

गजरानं डोळे पुसले, हसू दाबलं आणि त्याच्या कानात एक निरोप सांगितला.

दुसऱ्या दिवशी कांडेगावात लग्न लागलं. भटजींना कुणीतरी चुड्याच्या रंगाबद्दल विचारलं. त्यांनी गोठ्यातल्या पेंढ्याकडं पाहिलं आणि मंगलाष्टकं दुप्पट वेगानं म्हणून टाकली.

त्याच घटकेला काचखोऱ्यात नथूबाबांनी गाडीवरचा पेंढा उचलला. खालून तीन टकलं वर आली.

"अरे, हे काय?"

"तडकलेत," म्हाळू म्हणाला. "वितळवून नवे करून द्या. आणि गजरीनं मुद्दाम सांगितलंय, घाई करू नका. राखेत सावकाश निवू द्या."