सगळे फ्रिज हिरवे

"बाई, आता आणखी काय तपासायचं राहिलंय?"

भोईटे वैतागला होता. भणगेबाईंनी आज पुन्हा सही न करताच पेन मिटलं होतं, आणि खरं सांगायचं तर असल्या वागण्यानं देवमाणूसही वैतागेल.

रक्तपेढीतल्या फ्रिजांवर नजर ठेवणारी यंत्रणा त्यानं उभी केली होती. फ्रिज तापला की स्क्रीन लाल होणार, घंटा वाजणार. नजर ठेवणारा मुख्य सर्व्हर बंद पडलाच, तर बॅकअपचा दुसरा सर्व्हर आपोआप ताबा घेणार. बाईंनी सही केली की फ्रिजांपाशी जाऊन तापमान बघणं बंद. एक माणूस स्क्रीनसमोर बसेल, बस्स. लोकांनी दिलेलं सगळं रक्त त्या स्क्रीनच्या भरवशावर.

यंत्रणा तपासून पास करायचं काम बाईंकडे होतं. त्यांनीच त्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं होतं. तेव्हाही त्या अशाच होत्या.

"मुख्य सर्व्हर बंद करून पाहिलास कधी?"

"चालू मशीन कोण बंद करतं, बाई? खंडेनवमीला पूजा झालीय त्याची. इथले लोक मला फाडून खातील."

पूजा झाली होती खरी. सर्व्हरला हळदकुंकू लागलं होतं आणि टेबलावरच्या स्क्रीनला झेंडूचा हार होता. भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोलाही हार होता, चंदनाचा. संस्थापक छान हसत होते.

"आणि बॅकअप?"

"वरच्या खोलीत. एकदम चोख बसवलाय. तुम्हाला ना, शंकाच फार!"

बाई उठल्या. टेबलामागे वाकल्या. मुख्य सर्व्हरची वायर त्यांनी सरळ उपटली.

"बाई! अहो..."

भोईटेनं लॅपटॉप पुढे ओढला. बघता बघता त्याचा चेहरा उजळला.

"घेतला! बॅकअपनं ताबा घेतला! आणि ती टेबलावरची स्क्रीन बघा. सगळे फ्रिज हिरवे, सगळे चार अंशांवर. आता तरी करा सही!"

"तो रिकामा फ्रिज उघड."

"कशाला?"

"उघड म्हणते ना."

त्यानं दार धाडकन उघडलं. ते तसंच उघडं ठेवून दोघं उभे राहिले...

फ्रिजवरचा आकडा चढू लागला. सहा. नऊ. बारा.

स्क्रीनवर त्याच फ्रिजसमोर चार. हिरवा.

भोईटेनं स्क्रीनला टिचकी मारली. मग त्याचं लक्ष स्क्रीनच्याच कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. वायर उपटली त्याच मिनिटावर ते थांबलं होतं.

वरून कुठूनतरी बारीक आवाज येऊ लागला. पीं... पीं... पीं...

"वर कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही." त्यानं छताकडे पाहिलं. "कुलूप असतं."

"बॅकअप ओरडतोय मग. या स्क्रीनला का नाही कळत?"

"स्क्रीनला मी... मुख्य सर्व्हरचाच पत्ता दिलाय फक्त. बॅकअपचा द्यायचा राहिला." आणि मग तो भडकलाच. "पण बाई, बॅकअपनं त्याचं काम केलं की नाही? एवढीशी चूक! बाकी स्क्रीन तर किती स्वच्छ, किती छान दिसतेय!"

बाईंनी भिंतीवर पाहिलं. मग स्क्रीनकडे. पेन पर्समध्ये टाकलं.

"या फोटोला हार तर तू आधीच घातलायस, भोईटे."