धारपबाईंची बैठकीची खोली

एकदा एका वयोवृद्ध गृहसजावटकाराने आपल्या कामांची जुनी वेबसाइट नव्याने उभारायचे ठरवले. काम अर्थातच शिष्यावर सोपवले. ठरवण्याचा भाग गुरूंनी उरकला होता. अट एकच होती : पूर्वी सजवलेल्या घरांचे फोटो आज जाऊन पुन्हा काढायचे.

शिष्य महिनाभर हिंडला आणि खिन्न झाला. एका घरी सागवानी झोपाळ्यावर पापड वाळत होते. दुसरीकडे, जिथे खिळा मारू नये अशी ताकीद दिली होती, त्याच भिंतीवर तीन कॅलेंडरे होती, त्यांतले एक गेल्या वर्षाचे. फक्त निवृत्त मुख्याध्यापिका धारपबाईंची बैठकीची खोली सात वर्षांनंतरही जशीच्या तशी होती. शिष्याने स्वतंत्रपणे सजवलेली ती पहिली खोली. कोणती उशी कुठे ठेवावी याची छापील यादी त्याने तेव्हा बाईंना दिली होती, आणि बाईंनी ती पाळली होती. हाच फोटो पहिल्या पानावर, खाली आपले नाव, असे त्याने मनोमन योजले.

गुरूंनी सर्व फोटो पाहिले. पहिल्या पानावर पापड घेतले आणि धारपबाईंची खोली काढून टाकली.

शिष्याचा चेहरा पडला. "सर, एवढ्या घरांत एकच घर आपण सजवलं तसं राहिलंय. तेच काढता?"

"तुला बाईंनी बसवलं कुठे?"

"स्वयंपाकघरात. स्टुलावर."

"आणि त्या स्वतः कुठे बसतात?"

शिष्य आठवू लागला. ओट्याशेजारी प्लास्टिकची एक खुर्ची होती. तिच्यावर चष्मा, वर्तमानपत्र, औषधांचा डबा. बहिणीची नातवंडे पूर्वी मे महिन्यात राहायला येत; सोफा मळेल म्हणून बाईंनीच त्यांना नको म्हटले, हेही त्या बोलता बोलता सांगून गेल्या होत्या. तेव्हा त्याचे लक्ष कॅमेऱ्यात होते.

"अरे, पापडवाल्यांनी आपलं ऐकलं नाही, ते सुटले," गुरू म्हणाले. "या बाईंनी ऐकलं. आपण त्यांना घर करून दिलं नाही, रखवालदाराची नोकरी दिली. ज्या खोलीत सात वर्षं कोणी टेकलं नाही, ती आपली कामगिरी म्हणून लोकांना दाखवू नये."

रविवारी शिष्य कॅमेरा न घेता धारपबाईंकडे गेला आणि त्या काही म्हणायच्या आत सोफ्यावर बसला. बाई चहा घेऊन दारातच थबकल्या. मग आल्या आणि परक्या घरी बसावे तशा सोफ्याच्या कडेवर टेकल्या.

"तुमच्या घरी कोणकोण असतं?" त्यांनी विचारले.

इतकी घरे सजवली, पण हा प्रश्न शिष्याने कधी कोणाला विचारला नव्हता.

"मी एकटाच," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. ते त्यांना समजावून सांगावे लागले नाही.