धुराडं कुणाकडे वळवायचं?

एका गावात भात उकडून तांदूळ काढणारी एक छोटी गिरणी होती आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून गिरणीवाल्याचं घर होतं. गिरणीत एक जुना बॉयलर होता. त्यात भाताचाच तूस जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर भात उकडायचा. धुराडं दिवसभर काळा धूर ओकायचं.

धुराचा लोट घरावर उतरला की गिरणीवाल्याची बायको खिडक्या लावून घ्यायची. तिचं पहिलंच बाळ. वय रांगायचं, पण रांगायचं सोडून ते खोकत बसायचं. खोकताना ओठ निळसर पडायचे. ती हातातलं काम टाकून धावायची, बाळाच्या छातीला कान लावायची. आत घरघर, मांजर घुरघुरतं तशी. इकडे तव्यावर भाकरी करपायची, दूध उतू जायचं. आणि घरघर थांबली तर ती आणखीच घाबरायची, श्वास चालू आहे ना म्हणून बाळाच्या नाकाशी बोट धरायची.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून नजर काढली. गळ्यात काळा दोरा बांधला. गुण येईना, तेव्हा बाळाला वैद्यबुवांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि बाळाच्या टोपड्यावरून बोट फिरवून तिला दाखवलं. बोट काळं झालं होतं.

"औषध देतो पोरी. पण हे जिथून येतंय ते आधी थांबव."

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो बॉयलर एकदा आतून साफ करून घ्या ना."

"काहीतरीच काय!" गिरणीवाला म्हणाला. "आमच्या बाबांनी तो कधी उघडला नाही. ते म्हणायचे, काजळी ही धंद्याची लक्ष्मी. लक्ष्मीला कुणी खरवडून बाहेर टाकतं का?"

तसा गिरणीवाला वाईट माणूस नव्हता. बाळावर त्याचाही जीव होता. दुसऱ्याच दिवशी त्याने पत्र्याचं काम करणारा माणूस बोलावला आणि धुराड्याला बाक देऊन त्याचं तोंड पलीकडे वळवून घेतलं. धूर आता घरावरून न जाता ओढ्यापलीकडे जाऊ लागला.

हळूहळू बाळाची घरघर कमी झाली. बाळ रांगायला लागलं, थेट चुलीपर्यंत जायला लागलं. आता चटका बसेल की काय, ही नवी काळजी आईला लागली. पण ती काळजी गोड होती.

नवरात्र तोंडावर आलं. बाळाला नवं अंगडं शिवावं म्हणून ती कापड आणायला ओढ्यापलीकडच्या कोष्टिणीकडे गेली. अंगणात पांढरं सूत वाळत घातलं होतं. त्यावर काळे ठिपके ठिपके. तेवढ्यात घरातून खोकला ऐकू आला आणि ती दारातच थबकली. हा खोकला तिच्या ओळखीचा होता.

"वहिनी, कधीपासून खोकतंय बाळ?"

"तुमचं बरं झालं ना, तेव्हापासनंच म्हणा." कोष्टिणीने झोळीला झोका दिला. "सूतही काळं पडतंय. आता काळी लुगडीच विणते, संक्रांतीला तरी खपतील! बोलू कुणाला? तांदूळ तुमच्याच गिरणीतला खातो."

गिरणीवाल्याच्या बायकोने न विचारताच झोळीतल्या बाळाच्या छातीला कान लावला. आत तीच घरघर.

कापड न घेताच ती घरी आली आणि सगळं नवऱ्याला सांगितलं. तो वैतागला. "मग वळवू का धुराडं परत आपल्याकडे? तूच सांग. कुणाचं बाळ खोकायचं?"

'आपलं नको,' एवढंच मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने बाळाला पोटाशी धरलं.

खंडेनवमी उजाडली. घरोघर विळे, कोयते, पहारी घासूनपुसून पूजेला मांडल्या. गिरणी आदल्या दिवसापासून बंद होती, बॉयलर थंड पडला होता. गिरणीवाल्याने त्याच्यावर बाहेरून तेलाचा हात फिरवला, झेंडूचा हार घातला आणि बायकोला हाक मारली. ती ताट घेऊन आली, पण बोट कुंकवात बुडवेना.

"अगं, लाव की कुंकू!"

"विळी घासून मी पूजेला ठेवली. कोयता घासून तुम्ही ठेवलात. मग यालाच न घासता कसं पुजायचं? आधी आतून साफ करा."

"वेड लागलंय का? आज हत्याराला हात लावायचा नसतो!"

"पूजा झाल्यावर नसतो लावायचा. अजून कुंकू लागलंय कुठं?"

"आणि देवीच्या भंडाऱ्याचा तांदूळ आपल्याकडून जायचाय, त्याचं काय? उद्या पहाटेच बॉयलर पेटवायला हवा. उशीर झाला तर सगळं गाव तोंडात शेण घालेल!"

"घालू दे," ती म्हणाली. ती जागची हलली नाही. "तुम्ही विचारलं होतं, कुणाचं बाळ खोकायचं. कुणाचंच नाही."

"आई, हिला समजाव. बाबा काय म्हणायचे ते सांग."

सासूबाई पुढे आल्या. "काय सांगू, लेका? तुझ्या वडलांना तो उघडायची भीती वाटायची. एकदा वाफेने हात भाजला होता. लक्ष्मीबिक्ष्मी मागाहून सुचलं त्यांना."

गिरणीवाला वरमला. त्याने हार काढून ठेवला आणि बॉयलरचं दार उघडलं. आतल्या नळ्यांमध्ये बोट शिरणार नाही इतकी काजळी होती. पाण्याच्या बाजूला चुनखडीसारखा जाड थर. दोघं संध्याकाळपर्यंत खरवडत होती, सासूबाई राख उपसत होत्या. हवा आत जायचं दारही राखेने बुजलं होतं, ते मोकळं केलं. मग अंघोळी करून कुंकू लावलं.

दसऱ्याला आधी तूस उन्हात सुकवला आणि मगच बॉयलर पेटवला. धुराड्यातून विरळ, करडा धूर निघाला आणि थोड्या वेळाने तोही दिसेनासा झाला. तूस कमी लागला, वाफ लवकर धरली. तरी भंडाऱ्याचा तांदूळ थोडा उशिरानेच पोचला आणि लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. गिरणीवाल्याने ती ऐकून घेतली. धुराड्याचा बाक काढून ते सरळ उभं केलं. पुढे दर अमावास्येला गिरणीला सुट्टी आणि बॉयलरची सफाई, असा नेमच झाला.

कोष्टिणीच्या बाळाचा खोकला हळूहळू उतरला. पण थंडी पडली की त्याला अजून धाप लागते. गिरणीवाल्याची बायको तेव्हा काढा घेऊन जाते आणि त्याच्या छातीला कान लावून बसते.

"तुम्ही किती घाबरता हो!" कोष्टीण म्हणते.

"तेव्हाही घाबरले होते, वहिनी," ती म्हणते. "पण तेव्हा फक्त माझ्यापुरती घाबरले होते."

तात्पर्य काय, तर धूर दुसऱ्याच्या दारात ढकलला म्हणजे हवा स्वच्छ होत नाही. ज्या यंत्रावर आपलं पोट चालतं, ते हार घालण्याआधी आतून साफ करावं आणि वेळच्या वेळी करावं.