कापऱ्या हातातला दोर

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात मध काढणाऱ्यांचं एक घर होतं. घरात माणसं दोनच, आबा आणि त्यांचा तरणाबांड नातू. गावामागच्या उंच कड्याला आग्यामोहोळाची पोळी लागायची. नातू दोराला लटकून खाली उतरायचा आणि वर आबा दोर धरायचे. दोर घरच्याच माणसानं धरायचा, अशी तिथली रीत होती.

पण त्या साली नातवाचं मन फिरलं. मध काढायच्या दिवशी सकाळी चहा पिताना आबांच्या हातातली बशी लटलट कापली आणि निम्मा चहा धोतरावर सांडला.

"आबा, आता तुम्ही घरीच बसा. दोर माझे दोस्त धरतील. तालमीतले गडी आहेत, एका हातानं उचलतील मला!"

"उचलतील रे. पण धरून ठेवतील का?"

"तुमच्या हातात जीव द्यायची मला भीती वाटते, आबा," नातू तोडून बोलला.

असं बोलू नये हो म्हाताऱ्या माणसाला! आबांच्या काळजाला घरं पडली. पण रुसून घरी बसतील तर ते आबा कसले? काठी टेकत ते मागोमाग कड्यावर आले आणि गपचूप एका झाडाखाली, दोराच्या शेवटच्या टोकापाशी बसले.

नातू घोंगडी पांघरून, धुमसत्या गवताची पेंढी घेऊन उतरला. पोळ्यापाशी पोचतो न पोचतो तोच वारा फिरला. धूर भलतीकडे गेला, मोहोळ उठलं आणि खवळलेल्या माश्या थेट कड्यावर चढल्या.

"मेलो, मेलो!" म्हणत दोस्तांनी दोर टाकला आणि धूम ठोकली.

नातू सरसर खाली जाऊ लागला. खाली दरी आ वासून होती. संपलं सगळं, त्याला वाटलं. एवढ्यात दोराला हिसका बसला आणि तो अधांतरी थांबला.

"कोण आहे वर?" तो ओरडला. पण माश्यांच्या त्या घोंगावण्यात तोंड उघडणार तरी कोण?

त्यानं दोर मुठीत आवळला. दोर कापत होता. बारीक, लटलट, सकाळी बशी कापत होती तसाच.

"आबा!" नातवाला रडूच फुटलं. दोर कापतोय तोवर आबा आहेत, एवढंच त्याला कळत होतं. हे कापणं थांबू नको देऊस रे देवा, असं घोकत तो हळूहळू वर चढला.

वर माश्या पांगल्या होत्या. आबांनी झाडाच्या बुंध्याला दोराचा वेढा देऊन टोक छातीशी कवटाळलं होतं. तोंड ओळखू येईना इतकं सुजलेलं, डोळे मिटलेले.

"आबा, सोडा आता. मी वर आलोय."

"आधी हात लाव मला," आबा पुटपुटले, "मग सोडतो."

नातवानं त्यांचे दोन्ही हात धरले, तेव्हा कुठे दोर सुटला.

झाडपाल्याचा लेप लावून लावून आबा बरे झाले. पुढच्या साली दोर ओढायला नात्यातले तगडे गडी आले, पण दोराचं शेवटचं टोक नातवानं स्वतः आबांच्या हातात दिलं. खाली लटकताना तो अधूनमधून दोराला हात लावून बघायचा. दोर कापत असला की निर्धास्त व्हायचा.

तात्पर्य: आजोबांच्या हातातलं बळ ओसरतं, माया ओसरत नाही, आणि जिवावर बेततं तेव्हा घराला तीच धरून ठेवते.